गाडी तापली की क्लच घसरतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासू?

भटकी_चाकं
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची आहे. २१ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअर, १ लाख ४३ हजार किलोमीटर झालेली. बाबांनी ती जीवापाड जपली होती, आता ती माझ्याकडे आहे आणि मला ती चालती ठेवायची आहे.

गेले तीन आठवडे एकच त्रास होतोय. सकाळी गाडी काढली की सगळं नीट असतं. अर्धा-पाऊण तास गर्दीत चालवली आणि मग चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला, की इंजिनाचा आवाज चढतो, आरपीएमचा काटा वर सरकतो, पण गाडी त्या मानाने वेग घेत नाही. एकदा करपट वाससुद्धा आला. दोन गॅरेजमध्ये दाखवली. दोन्हीकडे गाडी न चालवताच उत्तर मिळालं, "क्लच प्लेट गेली, पूर्ण सेट टाका." पण क्लच सेट फक्त ३८ हजार किलोमीटरपूर्वी बदललाय. गाडी मी एकटीच चालवते आणि क्लचवर पाय ठेवून चालवायची मला सवय नाही. प्लेट खरंच गेली आहे हे खात्रीने कसं कळेल?

चौथा_गिअर
सोपी चाचणी आहे. हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर प्लेट गेली.

तेलकट_हात
चौथा_गिअर, चाचणी बरोबर आहे, पण ती एकदाच करायची आणि तीही दोन-तीन सेकंदांच्या वर नाही. समोर माणूस किंवा भिंत नको. इंजिन बंद पडलं नाही तर ताबडतोब क्लच दाबायचा. लोक खात्री करायला हीच चाचणी पाच-सहा वेळा करतात आणि बऱ्या प्लेटची वाट लावतात. घसरणाऱ्या क्लचमध्ये किती उष्णता तयार होते याचा अंदाज घ्या. क्लचवर १०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे आणि इंजिन प्लेटपेक्षा मिनिटाला ५०० फेरे जास्त फिरतंय असं धरलं, तर साधारण ५ किलोवॉट उष्णता होते. म्हणजे हजार वॉटच्या पाच इस्त्र्या त्या बंद डब्यात एकदम चालू केल्यासारखं. करपट वास त्याचाच.

भटकी_चाकं ताई, तुमच्या वर्णनातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत "गाडी काढली की सगळं नीट असतं". झिजलेली प्लेटही तापल्यावर जास्त घसरते, हे खरं. पण ती थंड असतानाही वरच्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला की बहुधा थोडी तरी घसरते. त्यामुळे आधी हे करून पाहा. सकाळी, इंजिन जेमतेम गरम झाल्यावर, मोकळ्या रस्त्यावर किंवा हलक्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ४५-५०च्या वेगाने जा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा आणि वेगाचा काटा बरोबरीने चढायला हवेत. आरपीएम एकटाच उडी मारत असेल तर घसरण आहे. मग हेच गाडी तापल्यावर करा. दोन्ही वेळचा फरक इथे लिहा.

आणखी तीन गोष्टी हव्यात. क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा? पेडल हाताने हलकेच दाबलं तर सुरुवातीला थोडा मोकळा खेळ लागतो का? आणि गेल्या सहा महिन्यांत क्लच किंवा ब्रेकचं कोणतंही काम झालंय का, अगदी किरकोळ असलं तरी?

जुनं_लोखंड
माझं मत थोडं वेगळं आहे. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी हाच मोठा भाग असतो. गाडी २१ वर्षांची आहे. चाचण्या करत महिना घालवण्यापेक्षा प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग एकदम टाकून मोकळं व्हावं. अर्धवट घसरणारा क्लच चालवत राहिलात तर प्लेट ज्यावर टेकते ते इंजिनाचं फ्लायव्हीलही जळेल आणि मग तोही खर्च.

तेलकट_हात
जुनं_लोखंड, गिअरबॉक्स उतरवलाच तर तिन्ही वस्तू एकत्र बदलाव्यात, यात वाद नाही. पण दोष बाहेर असेल तर नवा सेटही महिनाभरात जळेल आणि लोक सेटला नावं ठेवतील. पेडलपासून रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कपर्यंतची सगळी यंत्रणा गिअरबॉक्स न उतरवता तपासता येते. ती तपासायला एक दुपार पुरते. ती दुपार द्यावी एवढंच माझं म्हणणं आहे.

कच्चा_रस्ता
मधेच विचारतोय, माफ करा. माझी गाडी १८ वर्षांची आहे, केबलचा क्लच. माझा त्रास उलटा आहे. घसरत अजिबात नाही, पण रिव्हर्स टाकताना खर्रर्र होतं आणि पहिला गिअर ढकलून टाकावा लागतो. वर पेडलही जड झालंय. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स उघडावा लागेल.

तेलकट_हात
कच्चा_रस्ता दादा, विचारलंत ते बरं झालं, कारण ही दुसरी जात आहे. क्लचचे बहुतेक आजार दोन गटांत पडतात. क्लच नीट पकडत नाही, म्हणजे घसरतो. किंवा क्लच नीट सोडत नाही, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही प्लेट इंजिनाबरोबर थोडी फिरत राहते. तुमचं दुसरं आहे. या दोन्हींची कारणं बऱ्याचदा एकमेकांच्या अगदी विरुद्ध असतात, म्हणून आधी गट ठरवायचा.

सगळ्यात आधी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. इंजिन बंद असताना लोण्यासारखे पडत असतील आणि चालू असतानाच अडत असतील, तर गिअर लिंकेजचा दोष जवळपास बाजूला पडला आणि संशय क्लचवर आला. मग इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, न्यूट्रलमध्ये पेडल तळापर्यंत दाबा, मनात पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पुष्कळ जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडताना दोन्ही बाजूंचा वेग जुळवणारा भाग) नसतो. म्हणून तो क्लचचा दोष लपवू शकत नाही. पाच सेकंदांत गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लच प्लेट ज्यावर बसते तो दांडा) थांबायला हवा. तरीही खर्र होत असेल तर शाफ्ट फिरतोच आहे, म्हणजे क्लच सोडत नाहीये. मोजून थांबल्यावर बिनआवाज पडत असेल तर तुम्ही फक्त घाई करत होता, गाडीत काही बिघडलेलं नाही.

आता केबलबद्दल. इथे गोंधळ होतो. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटमधल्या डायाफ्राम स्प्रिंगची बोटं बेअरिंगच्या दिशेने सरकतात, त्यामुळे पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. केबल ताणली किंवा तिच्या तारा तुटू लागल्या की उलट मोकळा खेळ वाढतो आणि क्लच पुरता सुटत नाही. म्हणजे खेळ कमी झाला तर घसरण्याची भीती, खेळ वाढला तर गिअर अडण्याची. पुष्कळ गाड्यांत हा खेळ पेडलच्या टोकाशी १० ते २० मिलीमीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. खेळ जास्त असेल तर अ‍ॅडजस्टिंग नटाने जुळवा आणि पुन्हा रिव्हर्सची चाचणी करा.

जुळवल्यावरही सुटत नसेल तर कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन दोन जागा बघा. एक, केबल जिथे बॉडीच्या पत्र्यातून इंजिनाकडे येते तो पत्रा. जुन्या गाड्यांत तो तडकतो आणि पेडल दाबलं की केबलऐवजी पत्राच वाकतो. दुसरी, पेडलचा ब्रॅकेट. तिथलं वेल्डिंग सुटलेलं असतं आणि कुणी बघत नाही. प्रेशर प्लेट पूर्ण दाबल्यावर उचलते ती जेमतेम दीड-दोन मिलीमीटर. पेडल मात्र वितभर खाली जातं. म्हणून वाटेत पत्र्याने किंवा ब्रॅकेटने थोडा प्रवास खाल्ला तरी क्लच सुटत नाही.

चौथा_गिअर
हँडब्रेकच्या चाचणीबद्दल सावध केलंत, धन्यवाद. ती एकदाच करायची हे मला माहीत नव्हतं. मी आजवर दर सर्व्हिसिंगला करत होतो.

कच्चा_रस्ता
केबल तपासली. एका टोकाला बाहेरचं आवरण वितळल्यासारखं झालंय. एक्झॉस्टच्या जवळून जात नाही, तरी वितळलं कसं?

तेलकट_हात
दादा, आता केबल बदलण्याआधी थांबा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी शोधा. विणलेल्या तारेची किंवा जाड काळी वायर असते. ती तुटली किंवा गंजली की स्टार्टर मारताना शंभराहून जास्त अँपिअरचा करंट परतीसाठी मिळेल ती धातूची वाट घेतो. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, गिअरची दांडी, काहीही. केबल आतून तापते, तिचं प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि तार त्यात घासू लागते. पेडल जड झाल्याचं तेच कारण असू शकतं. नुसती केबल बदललीत तर नवीही तशीच जाईल.

मल्टिमीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला लावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे.

भटकी_चाकं
मी आले. दोन दिवस चाचण्या केल्या.

सकाळी थंड असताना चौथ्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला. अजिबात घसरण नाही, दोन्ही काटे बरोबर चढले. तीन वेळा पाहिलं. संध्याकाळी पाऊण तास गर्दीतून आल्यावर त्याच रस्त्यावर तेच केलं, तर आरपीएम सरळ वर गेला. लगेच पाय काढला. रात्री गाडी थंड झाल्यावर परत गेले, पुन्हा ठीक!

क्लच हायड्रॉलिक आहे. ब्रेक आणि क्लच दोघांना तेल एकाच डबीतून जातं. आणि हो, दोन महिन्यांपूर्वी पेडल तळाशीच राहायला लागलं होतं, तेव्हा क्लचचा मास्टर सिलिंडर (पेडलला जोडलेला, तेल ढकलणारा भाग) बदलला. त्यानंतर पेडल उलट छान वाटायला लागलं. पाय टेकवला की लगेच काम करतं, मधला ढिलेपणा पूर्ण गेला. म्हणून मी त्याचा उल्लेख केला नव्हता.

तेलकट_हात
ताई, तुम्ही जे "छान" म्हणताय तेच मला दुखणं वाटतंय. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा दोष फार गाड्यांमध्ये प्लेटच्या नावावर खपवला जातो.

मास्टर सिलिंडरमध्ये डबीकडे जाणारं एक बारीक छिद्र असतं. पेडल पूर्ण वर आलं की पिस्टन त्या छिद्राच्या मागे जातो आणि पाइपातलं तेल डबीशी जोडलं जातं. यामुळे दोन कामं होतात. तेल तापून फुगलं तर जास्तीचं तेल डबीत परत जातं. आणि प्लेट झिजत जाते तसा स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सजवळचा, त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) पिस्टन मागे सरकतो, तेव्हा तिथलं तेलही डबीत जातं. म्हणून हायड्रॉलिक क्लच स्वतःच जुळत राहतो.

आता पेडलपासून मास्टरच्या पिस्टनपर्यंत जी सळई जाते, ती पुशरॉड. ती केसभर लांब राहिली तर पेडल वर असतानाही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ते छिद्र झाकलेलं राहतं. सकाळी तेल थंड असतं, काही जाणवत नाही. गर्दीत इंजिनाच्या उष्णतेने तेल फुगतं, पण त्याला परत जायला वाट नाही. मग ते स्लेव्हला ढकलतं आणि तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. प्लेट चांगली असूनही घसरते. थंड झालं की पुन्हा ठीक. तुमची सगळी लक्षणं याच्याशी जुळतात. तरी जुळतात म्हणून मान्य करायचं नाही, सिद्ध करायचं.

पुढच्या वेळी घसरायला लागलं की गाडी सुरक्षित, सपाट जागी थांबवा, इंजिन बंद करा, चाकांना अडथळा लावा. स्लेव्ह सिलिंडरवर ब्लीड निपल, म्हणजे तेल-हवा काढायची छोटी तोटी असते. त्यावर पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि पेडलला हात न लावता निपल पाव फेरा सैल करा. तेल पिचकारीसारखं आलं तर आत दाब अडकला होता. लगेच निपल घट्ट करा आणि गाडी चालवून पाहा. घसरण गेलेली असेल तर प्लेटचा दोष नाही हे तिथेच सिद्ध झालं. दाब नसेलच आणि तेल नुसतं थेंबथेंब आलं, तर माझा अंदाज चुकला आणि संशय परत प्लेटवर.

काळजी घ्या. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण तेल दाबाखाली आहे. जवळचे भाग तापलेले असतात. ब्रेकचं तेल रंगावर पडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा. आणि तुमची डबी ब्रेकशी सामाईक आहे, म्हणून काम झाल्यावर तेलाची पातळी पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. डबीवर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच तेल भरा. त्यात चुकून इंजिन ऑइल किंवा कोणतंही खनिज तेल गेलं तर आतली सगळी रबरं फुगतात, आणि ती ब्रेकचीही असतात.

जुनं_लोखंड
पुशरॉडबद्दल पटलं. एक भर घालतो. रबरी नळीसुद्धा तपासा. जुनी नळी आतून सुजते आणि तिच्यातून तेल जोराने जातं, पण सावकाश परत येतं. लक्षण अगदी सारखं.

तेलकट_हात
अगदी बरोबर, आणि दोघांत फरक करायला क्रम महत्त्वाचा. आधी मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी पाइपाचा जोड फडका धरून किंचित सैल करायचा. तिथे दाब सुटून क्लच पकडायला लागला तर अडथळा मास्टरमध्ये. तिथे काही सुटलं नाही, पण खाली निपल सैल केल्यावर पिचकारी आली, तर अडथळा मधल्या नळीत. फक्त तो जोड सैल केला तर हवा शिरू शकते, म्हणून नंतर हवा काढावी लागेल. ताई, आधी निपलचीच चाचणी करा.

शांत_इंजिन
फार उपयोगी चर्चा. माझा प्रश्न आवाजाचा. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना घरघर येते, क्लच दाबला की थांबते. सगळे म्हणतात रिलीज बेअरिंग गेलं.

चौथा_गिअर
क्लच दाबल्यावर थांबतो म्हणजे रिलीज बेअरिंगच ना?

तेलकट_हात
बऱ्याचदा नाही. कोणता भाग कधी फिरतो ते डोळ्यांसमोर आणा. पेडल वर असताना न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो. क्लच दाबला की तो थांबतो. म्हणजे दाबल्यावर जाणारा आवाज बहुतेक इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. रिलीज बेअरिंगवर भार येतो तो पेडल दाबल्यावर, म्हणून त्याचा आवाज दाबल्यावर सुरू होतो किंवा वाढतो. आणखी एक खूण आहे. पेडलवर नुसतं बोट टेकवून मोकळा खेळ संपेपर्यंत हलकेच दाबायचं. तेवढ्यानेच आवाज बदलला तर रिलीज बेअरिंगकडे बघायचं, कारण त्या क्षणी इनपुट शाफ्ट अजून फिरतच असतो. तिसरी शक्यता पायलट बेअरिंगची (क्रँकशाफ्टच्या टोकात बसून इनपुट शाफ्टला आधार देणारं), ज्या गाड्यांत ते असतं त्यांत. पेडल पूर्ण दाबून गाडी गिअरमध्ये उभी असेल तेव्हा क्रँकशाफ्ट फिरतो आणि इनपुट शाफ्ट थांबलेला असतो. फक्त त्याच वेळी पायलट बेअरिंगला काम पडतं, आणि आवाजही तेव्हाच येतो.

शांत_इंजिन, आधी गिअर ऑइलची पातळी बघा. इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची घरघर कमी ऑइलमुळे झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ऑइल काढाल तेव्हा त्यात धातूचे कण चमकतात का तेही पाहा.

शांत_इंजिन
हे कुणीच असं सांगितलं नव्हतं. उद्याच बघतो.

चौथा_गिअर
मग मीही माझं सांगतो. माझ्या आधीच्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना अख्खी गाडी थरथरायची. प्लेट बदलली, आठ महिने ठीक गेले, पुन्हा तेच. दुसऱ्यांदा उघडल्यावर प्लेट तेलाने माखलेली निघाली. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गळत होतं आणि पहिल्या वेळी कुणी ते बघितलंच नव्हतं. मी खूप चिडलो होतो, पण चूक माझीही होती. मी जुनी प्लेट मागून घेतली नव्हती. तेव्हा पाहिली असती तर तिच्यावरचे तेलाचे डाग दिसले असते.

तेलकट_हात
चौथा_गिअर, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. जुनी प्लेट नेहमी मागून घ्यावी. ती बोलते. सगळीकडे सारखी झिजून रिव्हेटपर्यंत आली असेल तर तिचं आयुष्य संपलं होतं, एवढंच. एका बाजूला जास्त झिजली असेल तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट वाकडी. काचेसारखी चकाकत असेल तर ती घसरून तापली आहे. मधल्या स्प्रिंगा खिळखिळ्या असतील तर गाडी सुटताना खाडकन आवाज येत असणार. तेलकट असेल तर तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय गिअरबॉक्स परत चढवायचा नाही.

तेल कोणत्या सीलचं ते वासावरून कळतं. गिअर ऑइलला उग्र, गंधकासारखा वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. काही गाड्यांत बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी छोटं छिद्र असतं. तिथे कापडाचा तुकडा लावून पाहिला तर गिअरबॉक्स न उतरवताही अंदाज येतो. थरथरीचं आणखी एक कारण इंजिनाचे माउंटिंग. रबर तुटलं की क्लच निर्दोष असूनही इंजिन उसळतं. पाना न लावता तपासता येतं. बॉनेट उघडं ठेवा, हँडब्रेक ओढा, कुणाला तरी क्लच पकडण्याच्या जागेपर्यंत हलकेच सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती उचलतं ते बघा. समोर उभं राहू नका.

जुनं_लोखंड
ज्यांना अखेर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल त्यांच्यासाठी अनुभवाच्या गोष्टी. गिअरबॉक्स काढताना आणि चढवताना त्याला जॅकचा आधार हवाच. इनपुट शाफ्ट प्लेटच्या दातांमध्ये असताना गिअरबॉक्सचं वजन त्यावर लोंबकळलं की प्लेटचा हब वाकतो, आणि नवा क्लच टाकूनही गिअर अडतात. "नवीन टाकला तरी तसंच" अशा तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, ती उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. शाफ्टच्या दातांना ग्रीस अगदी पुसट लावायचं. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं. प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा थर दिलेला असतो, तो क्लीनरने पुसून काढायचा.

आणि एक कळकळीची विनंती. बेल हाउसिंगमधली काळी धूळ हवेच्या दाबाने उडवू नका. जुन्या काळच्या क्लच लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरत, आणि ते फुफ्फुसात गेलं तर कायमचं घातक असतं. ओलं करून, क्लीनर मारून पुसा. मी तरुणपणी वर्षानुवर्षं तोंडाने फुंकर मारून धूळ उडवली आहे. आज कुणाला तसं करताना पाहिलं की जीव तुटतो.

भटकी_चाकं
झालं! शनिवारी गर्दीतून मुद्दाम तासभर फिरवली. घसरायला लागल्यावर मोकळ्या जागी थांबवली. भाऊ सोबत होता, त्याने निपल सैल केलं. नळीत तेल जोरात उडालं, पेडलला कुणाचाही पाय नसताना. निपल घट्ट करून त्याच चढावर गेले. चौथा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही काटे बरोबरीने! माझा विश्वासच बसेना. भावाला दुसऱ्यांदा चालवायला लावलं.

रविवारी पेडलखाली झोपून पुशरॉड पाहिला. लॉकनटच्या मागे आटे दिसत होते, म्हणजे नवा मास्टर बसवताना सळई जुळवलीच नव्हती. लॉकनट सैल करून सळई थोडी आत घेतली. मॅन्युअलप्रमाणे पेडलच्या टोकाशी मोकळा खेळ दिला. आता पेडल पूर्वीसारखं "लगेच" काम करत नाही, आधी थोडं पोकळ जातं. डबीत तेल पातळीपर्यंत आहे. ब्रेक तपासले, ठीक आहेत. प्लेटचं काही नुकसान झालं असेल का?

तेलकट_हात
फार आनंद झाला, ताई. तुमच्या मोजूनमापून केलेल्या चाचण्यांमुळे हे सापडलं. लक्षणं तीन आठवड्यांचीच होती आणि तुम्ही घसरताना पाय लगेच काढत होता, त्यामुळे प्लेट वाचली असण्याची शक्यता बरीच आहे. वरचा थर थोडा चकाकला असेल. आठवड्यातून एकदा तीच चौथ्या गिअरची चाचणी, थंड आणि तापलेल्या दोन्ही स्थितींत करा. चार आठवडे काहीच घसरलं नाही तर विसरा. तापल्यावर पुन्हा दाब अडकू लागला तर रबरी नळीचा संशय घ्या. आणि लॉकनट घट्ट केलाय ना, ते एकदा पुन्हा बघा. तो फिरला तर सळई पुन्हा लांब होते.

भटकी_चाकं
लॉकनट पाहिला, घट्ट आहे. त्यावर रंगाची रेघ मारून ठेवली, म्हणजे हलला तर कळेल. पहिल्या आठवड्याची चाचणी झाली, थंड आणि गरम दोन्ही ठीक. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "खेळ किती ठेवलास?" आकडा सांगितल्यावर म्हणाले, "बरोबर."

कच्चा_रस्ता
माझंही कळवतो. अर्थची पट्टी एका टोकाला पूर्ण गंजलेली होती, हात लावताच तुटली. मल्टिमीटरने दीड व्होल्ट दाखवलं होतं. नवी पट्टी, मग नवी केबल, मग जुळवणी, या क्रमाने केलं. पेडल बोटाने दाबता येतंय. पाच आकडे मोजून रिव्हर्स टाकला तर आवाज नाही. गिअरबॉक्स उघडावा लागला नाही. फक्त दुसरा गिअर टाकताना अजून हलकी खर्र होते, बाकी सगळे गिअर ठीक पडतात.

तेलकट_हात
सगळे ठीक आणि एकच गिअर खरखरतो, तर तो क्लच नाही, दुसऱ्या गिअरचा सिंक्रोनायझर झिजलाय. आधी गिअर ऑइल कोणतं आणि किती जुनं आहे ते बघा, चुकीच्या ऑइलनेही असं होतं. त्याचा वेगळा धागा काढा, मी तिकडे येतो.